केबल आधी काढा, फोन मग करा

कोल्हापूरच्या शिरोली आणि गोकुळ शिरगाव, दोन्ही एमआयडीसी मिळून २२ कारखान्यांचे कॉम्प्युटर मी सांभाळतो. फाउंड्र्या, मशीन शॉप, एक पॅटर्नवाले, दोन ट्रान्सपोर्टवाले. यातल्या एकाकडेही स्वतःचा आयटीचा माणूस नाही. वर्षाचा मेंटेनन्सचा करार करून मला ठेवलेलं असतं. प्रिंटर अडकला तरी मीच आणि हॅकर आला तरी मीच. सुरक्षेचं काही बोलायला गेलो की मालकांचं उत्तर ठरलेलं असतं, "आमच्यात काय हाय चोरण्यासारखं?"

चोरण्यासारखं फार नसतं, मान्य. अडवून धरण्यासारखं मात्र पुष्कळ असतं. ते मला कळलं माझ्याच हातून झालेल्या चुकीने, म्हणून आधी ती सांगतो.

जून २०१९. एका फाउंड्रीच्या मालकांना रात्री घरी बसून टॅली, म्हणजे हिशेबाचं सॉफ्टवेअर, बघायची होती. मी राउटरमध्ये जाऊन ३३८९ नंबरचा पोर्ट बाहेरून उघडून दिला. रिमोट डेस्कटॉपचा पोर्ट तो, म्हणजे लांबून हाच कॉम्प्युटर चालवायचं दार. पाच मिनिटांचं काम, मालक खूश. युजरचं नाव 'टॅली', पासवर्ड 'टॅली' आणि पुढे एक-दोन-तीन. काही आठवड्यांनी, साप्ताहिक सुट्टीनंतरच्या सकाळी साडेआठला अकाउंटंट ताईंचा फोन, "दादा, टॅलीत कंपनीच दिसेना झालीय." जाऊन बघतो तर डेटा फोल्डरातल्या एकूण एक फाइलीच्या नावाला शेपूट लागलेलं, त्यात कुणाचा तरी ईमेल पत्ता. डेस्कटॉपवर चिठ्ठी. फाइली परत हव्यात तर या पत्त्यावर लिहा, बिटकॉइन तयार ठेवा. बॅकअपची हार्डडिस्क होती की! सर्व्हरच्या मागे यूएसबीला, दीड वर्षापासून चोवीस तास लावलेली. तिच्यातल्या फाइलींनाही तेच शेपूट.

विंडोजचा सिक्युरिटी लॉग उघडून बघितला. ४६२५ नंबरची नोंद म्हणजे चुकलेला पासवर्ड. तिच्या रांगाच रांगा होत्या, सेकंदाला दोन-तीन. मग रात्री २ वाजून ४१ मिनिटांनी एक ४६२४. म्हणजे पासवर्ड जुळला. आमच्यावर कुणाचा डोळा होता असं नाही. जगभरातले पत्ते ओळीने ठोठावत जाणारे प्रोग्राम रात्रंदिवस चालू असतात, त्यातल्या एकाला आमचं दार उघडं सापडलं.

मालकांनी पैसे दिले नाहीत. पैसे घेऊन किल्ली देईलच याची हमी कोण देणार, हा त्यांचा सवाल होता आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. हिशेब पुन्हा उभा करायला १९ दिवस लागले. सीएंच्या ऑफिसात मार्चअखेरची कॉपी होती, तो पाया. विक्री जीएसटी पोर्टलवरच्या आर-वन या विक्रीच्या रिटर्नमधून उतरवली, खरेदी टू-ए या खरेदीच्या यादीतून, बाकी बँकेच्या स्टेटमेंटवरून. गाडं अडलं ते कामगारांच्या उचलीवर. एप्रिलपासूनची उचल फक्त टॅलीत होती. शेवटी ताईंनी एकेकाला बोलावून विचारलं, "तुमच्याकडे किती आहेत?" फर्नेसवरच्या एका मामांनी ताईंच्या अंदाजापेक्षा दोन हजार जास्तच सांगितले. मी शेजारी बसून एंट्र्या मारत होतो आणि मान वर होत नव्हती.

त्यानंतर मी काम करायची पद्धत बदलली. ती अशी.

आधी वही, मग अँटिव्हायरस

कुठल्याही नव्या कारखान्यात गेलो की पहिल्या दिवशी काहीही इन्स्टॉल करत नाही. मालक, अकाउंटंट आणि डिस्पॅचचा माणूस, तिघांना बसवतो आणि एकच प्रश्न विचारतो. उद्या सकाळी अमुक चालू झालं नाही तर कुणाचं काम थांबेल, आणि किती वेळ कळ काढता येईल?

उत्तरं गमतीची येतात. मालकांना वाटतं टॅली सगळ्यात महत्त्वाची. ताई म्हणतात, एक दिवस टॅली नसली तरी मी वहीवर भागवीन. डिस्पॅचवाला म्हणतो, ई-वे बिल निघालं नाही तर गाडी गेटवर उभी राहते, मला दोन तासांच्या वर चालणार नाही. टूल रूममधला कोपऱ्यातून सांगतो की व्हीएमसीचे, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशीनचे, प्रोग्राम आणि कस्टमरची ड्रॉइंग एकाच जुन्या पीसीत आहेत आणि तो पीसी कुणाच्याच यादीत नाही.

यादीत दोन गोष्टी हमखास सुटतात. एक, डिजिटल सिग्नेचरचा डोंगल. तो वर्षभर सीपीयूला लावलेला असतो आणि कित्येकदा त्याचा पिन त्याच्यावरच स्टिकर लावून लिहिलेला असतो. म्हणजे सहीचा शिक्का मारून कोरे चेक टेबलावर ठेवल्यासारखं. काम झालं की डोंगल काढून कपाटात. दुसरी गोष्ट, ओटीपी येणारा मोबाइल नंबर. एका ठिकाणी जीएसटी पोर्टलचा ओटीपी दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या माणसाला जात होता. माणूस भला, फोन केला की सांगायचा. पण अशा भलेपणावर धंदा किती दिवस चालवायचा?

दारं

बाहेरून उघडा ठेवलेला ३३८९ पोर्ट आजच बंद करा. त्याऐवजी ३३९० ठेवला की झालं, असं सांगणारे आहेत. त्यांचं ऐकू नका, ठोठावणारा प्रोग्राम सगळेच नंबर बघतो. घरून बघायचंच असेल तर व्हीपीएनमधून, म्हणजे नेटवरच्या कुलूपबंद खासगी वाटेने, आत या आणि मग रिमोट करा. मालकांना नुसते रिपोर्टच बघायचे असतील तर टॅलीप्राइमचे रिपोर्ट ब्राउझरवर बघायची सोय आहे, सर्व्हरचं दार उघडायची गरजच नाही. एनीडेस्क, म्हणजे लांबून कॉम्प्युटर चालवायचं सॉफ्टवेअर, ठेवलं असेल तर कायमचा पासवर्ड टाकून ठेवू नका. समोरच्या माणसाने 'स्वीकारा' दाबल्यावरच आत येता आलं पाहिजे. हे मी माझ्यासारख्या मेंटेनन्सवाल्यांबद्दलच सांगतोय. आमच्या सोयीसाठी ठेवलेला कायमचा पासवर्ड २२ कारखान्यांना एकच असतो, हे तुम्हाला कुणी सांगत नाही. विचारा.

ईमेलला दोन टप्प्यांचं लॉगिन लावा. राउटरचा 'अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन' बदला. रोजच्या वापराचा विंडोज युजर अ‍ॅडमिन नको. कुणी नोकरी सोडली की त्याच संध्याकाळी त्याचे सगळे युजर बंद, हिशेब चुकता होण्याची वाट बघायची नाही. पासवर्ड वहीत लिहून वही कुलपात ठेवली तर मला चालतं. मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला चालत नाही.

विंडोज १० ची मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाली. मशीनला जोडलेले त्याहून जुने, विंडोज सेव्हनचे पीसी आपल्याकडे ढिगाने आहेत, आणि कंट्रोलरचं सॉफ्टवेअर नव्यावर चालत नाही म्हणून ते बदलताही येत नाहीत. त्यांना नेट देऊ नका. वेगळा स्विच, वेगळं नेटवर्क, आणि प्रोग्राम न्यायला एक ठरलेला पेनड्राइव्ह, जो गाणी भरायला घरी जाणार नाही.

लॉगचंही बघून घ्या. विंडोजचा सिक्युरिटी लॉग मुळात २० एमबीचा असतो, भरला की जुन्या नोंदी पुसल्या जातात. ठोठावणं सुरू झालं की तो लगेच भरतो आणि खरी नोंद हातची जाते. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये जाऊन एक जीबी करा आणि त्याची कॉपी दुसरीकडे जाईल अशी व्यवस्था करा. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे १८० दिवसांचे लॉग ठेवायचे असतात.

बॅकअप आहे, पण परत आणून बघितलाय का?

यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण माझे केस इथेच पिकले.

साधी रीत ही. डेटाच्या तीन कॉपी, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक कारखान्याच्या आवाराबाहेर. आमच्याकडे ते असं बसवलंय. रोज संध्याकाळी साडेसहाला टॅलीचा डेटा, ड्रॉइंग आणि प्रोग्राम यांची कॉपी हार्डडिस्कवर घ्यायची. डिस्क दोन, एकीवर लाल टेप, एकीवर निळा. सम तारखेला लाल, विषम तारखेला निळी. कॉपी झाली की डिस्क काढायची आणि ती अकाउंटंट ताईंच्या किंवा मालकांच्या पिशवीतून घरी जायची. डिस्कला बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कचं कुलूप, लावलेला, म्हणजे पिशवी एसटीत राहिली तरी हिशेब लोकांच्या हाती नको. बिटलॉकरची रिकव्हरी की कागदावर छापून बँकेच्या लॉकरमध्ये. तिसरी कॉपी क्लाउडवर.

आता क्लाउडवरचा गैरसमज. गुगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हला फोल्डर सिंक केलं म्हणजे बॅकअप झाला असं नाही. इकडे फाइल बिघडली की तिकडेही बिघडलेलीच जाते. जुनी आवृत्ती परत मिळते, पण किती दिवस मागची, ते शांतपणे तपासून ठेवायचं.

हा गैरसमज आपल्यासारख्या छोट्यांचाच असतो असंही नाही. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या नावाचं प्रकरण झालं. युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून ते पसरलं आणि मर्स्क या जहाज कंपनीत घुसलं. आपल्या जेएनपीटी बंदरातलं त्या समूहाचं टर्मिनलही त्या दिवशी ठप्प झालं होतं. कंपनीला ४,००० सर्व्हर आणि ४५,००० कॉम्प्युटर नव्याने उभे करावे लागले. नेटवर्कवर कोण कोण आहे याची मूळ नोंद ठेवणाऱ्या डोमेन कंट्रोलरच्या जगभर कॉपी होत्या, पण त्या सगळ्या एकमेकींशी जोडलेल्या, त्यामुळे सगळ्या एकदम गेल्या. एक वाचली, घानातली. कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती! दुपारी लाइट गेली आणि शॉपमधून महावितरणच्या नावाने बोटं मोडायला सुरुवात झाली की मला घाना आठवतं.

आपण मात्र लाइट जाण्याच्या भरवशावर राहायचं नाही. दर तीन महिन्यांनी रंगीत तालीम घ्यायची. एक जुना लॅपटॉप घ्या, कोरा. त्याला कारखान्याचं नेटवर्क लावू नका. घड्याळ लावा. पिशवीतली डिस्क काढा, बिटलॉकर उघडा, टॅली इन्स्टॉल करा, आकड्यांच्या नावाचे कंपनी फोल्डर त्यात टाका आणि कंपनी उघडा. नुसती उघडली म्हणून टाळी वाजवू नका. शेवटच्या विक्री बिलाचा नंबर कालच्या बिलबुकाशी ताडून बघा. ट्रायल बॅलन्सची बेरीज चालू टॅलीशी जुळवा. एक ड्रॉइंग उघडा. एक प्रोग्राम मशीनवर चढवून सिम्युलेशन चालवा. किती वेळ लागला ते वहीत लिहा.

पहिल्या तालमीत हमखास काहीतरी फसतं. एका ठिकाणी पाच महिने रोज कॉपी होत होती, फक्त जुन्या फोल्डरची. वर्ष बदलल्यावर नवी कंपनी दुसऱ्या ड्राइव्हवर केली होती आणि बॅकअपला ते कुणी सांगितलंच नव्हतं. दुसऱ्या ठिकाणी टॅली व्हॉल्टचा, म्हणजे टॅलीतल्या कंपनीच्या डेटाच्या कुलपाचा, पासवर्ड एकट्या मालकांना ठाऊक होता आणि मालक विमानात होते. व्हॉल्टचा पासवर्ड हरवला तर तो परत काढता येत नाही. तोही त्याच लॉकरमध्ये ठेवा.

पैसे पाठवताना

पैसे जातात ते बहुतेक वेळा हॅकिंग न होता जातात. सप्लायरकडून मेल येतो, आमचं बँक खातं बदललंय, यापुढचं पेमेंट इथे करा. बिल खरं, रक्कम खरी, लेटरहेड खरं. मेलच्या पत्त्यात मात्र इंग्रजी 'एम'च्या जागी 'आर' आणि 'एन' शेजारी शेजारी बसवलेले असतात. चष्मा लावूनही कळत नाही, मी बघितलंय.

नियम एकच आणि तो मालकांनाही लागू. खातं बदललं की फोन करायचा, आणि तो मेलमधल्या नंबरवर नाही, जुन्या पर्चेस ऑर्डरवरच्या नंबरवर. ओळखीचा आवाज 'हो' म्हणेपर्यंत पेमेंट नाही. एनईएफटीत पैसे खाते नंबरवर जमा होतात, तुम्ही टाकलेल्या नावावर नाही. १ एप्रिल २०२५ पासून आरटीजीएस आणि एनईएफटीला खातेदाराचं नाव आधी दाखवायची सोय बँकांनी द्यायची आहे. ती वापरा, घाईत पुढे जाऊ नका. नेट बँकिंगला एकाने एंट्री करायची, दुसऱ्याने मंजूर करायची, ही पद्धत बँकेत अर्ज देऊन सुरू होते. दोघांचे मोबाइल वेगळे हवेत. ताईंच्या फोनवर दोन्ही ओटीपी येत असतील तर त्या दुसऱ्या सहीला अर्थ नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवर येणारी चलनाची नोटीस किंवा लग्नपत्रिका, जिच्या फाइलीच्या नावाशेवटी 'एपीके' असतं, ती पत्रिका नसते, अ‍ॅप असतं. ते एसएमएस वाचून ओटीपी पळवतं. ज्या फोनवर कंपनीचे ओटीपी येतात त्या फोनवर व्हॉट्सअ‍ॅपच नको. दोन हजारांचा साधा बटणवाला फोन घ्या.

आणि सुट्ट्या सांभाळा. पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून २०१८ च्या ऑगस्टमध्ये सुमारे ९४ कोटी गेले, त्याची सुरुवात शनिवारी, ११ तारखेला झाली. २८ देशांतल्या एटीएममधून पैसे काढले गेले, आपल्या कोल्हापुरातल्याही. सोमवारी, १३ तारखेला, बँकांच्या परदेशी व्यवहारांच्या स्विफ्ट यंत्रणेतून आणखी रक्कम हाँगकाँगला गेली. गणपती, दिवाळी, जोडून आलेल्या सुट्ट्या यांच्या आदल्या संध्याकाळी मी प्रत्येकाला मेसेज टाकतो. डिस्क काढली का, सर्व्हर बंद केला का, बँकेच्या एसएमएसकडे कोण बघणार?

वाईट दिवसाचा कागद

हा कागद कॉम्प्युटरमध्ये ठेवायचा नाही. ज्या दिवशी लागेल त्या दिवशी कॉम्प्युटरच उघडणार नाही. छापून, लॅमिनेट करून मेन स्विचच्या शेजारी लावा. मी लावतो त्यावर काय असतं ते सांगतो.

सगळ्यात वर मोठ्या अक्षरात: नेटवर्कची केबल काढा, वायफाय बंद करा. मग फोन करा. २०१९ ला ताईंनी आधी मला फोन केला आणि मी पोचेपर्यंत ४० मिनिटं बाकीचे पीसी जोडलेलेच होते. त्यातले दोन त्या वेळात गेले. केबल काढता येत असेल तर मशीन चालूच राहू द्या, आतला पुरावा टिकतो. काढता येत नसेल तर सरळ पॉवर बंद. आणि फॉरमॅट मारायचा नाही. आम्हा मेंटेनन्सवाल्यांचा हात आधी तिकडेच जातो, आणि मग पोलिसांना दाखवायला काही उरत नाही. चिठ्ठीचा मोबाइलवर फोटो काढा, बिघडलेल्या दोन-तीन फाइली बाजूला ठेवा. 'नो मोअर रॅन्सम' नावाची मोफत साइट आहे, २०१६ साली युरोपोल आणि डच पोलिसांनी इतरांबरोबर सुरू केलेली. काही जातींच्या रॅन्समवेअरच्या, म्हणजे फाइली अडवून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रामच्या, किल्ल्या तिथे मिळतात. आमच्या जातीची नव्हती.

त्याखाली फोन नंबर, नावासकट. बँकेचा फ्रॉड कळवायचा नंबर. पैसे गेले असतील तर १९३०, ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन, आणि त्यात मिनिटं मोजायची. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता आले तरच मिळतात. सायबर पोलीस ठाणं. सर्ट-इन, १८००-११-४९४९. त्यांना अशी घटना कळल्यापासून सहा तासांच्या आत कळवायची असते, आणि सप्टेंबर २०२२ पासून हे छोट्या उद्योगांनाही लागू आहे. कामगारांच्या आधारच्या झेरॉक्स, बँक पासबुकं स्कॅन करून डेस्कटॉपवर ठेवायची आपल्याकडे सवय आहे. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात अशी माहिती नीट न सांभाळल्याबद्दल २५० कोटींपर्यंत दंडाची तरतूद आहे. ते स्कॅन आजच डेस्कटॉपवरून हलवा.

कागदाच्या तळाशी धंदा कसा चालू ठेवायचा ते. छापील चलनबुक कुठल्या कपाटात, ई-वे बिलाचं लॉगिन कुठल्या पाकिटात, कस्टमरला कोण फोन करणार. एकानेच करायचा, नाहीतर तिघं तीन गोष्टी सांगतात.

शेवटची ओळ मालकांसाठी असते, आणि ती लावायला काहीजण कुरकुर करतात: ज्याने क्लिक केलं त्याच्यावर आज ओरडायचं नाही. एका ऑफिसात नव्या मुलाने चुकून असलीच एक फाइल उघडली आणि बोलणी बसतील म्हणून जेवणाच्या सुट्टीपर्यंत गप्प बसला. तो लगेच बोलला असता तर एक पीसी गेला असता, चार गेले.

त्या फाउंड्रीत आता दर तिमाहीला तालीम होते. पहिली सहा तासांत झाली होती, मागची २ तास ५० मिनिटांत. त्या वेळी एक नवीन गोष्ट केली. मी गेलोच नाही. माझा फोनही बंद ठेवला, कारण खऱ्या दिवशी मी कुणाच्या तरी लग्नात असेन. ताईंनी कागद काढून वाचत वाचत सगळं केलं आणि संध्याकाळी निरोप पाठवला, "झालं. पण कागदावर बिटलॉकरची की लॉकरमध्ये आहे असं लिहिलंय, आणि बँक आज बंद होती. मी पाठ असलेल्या पासवर्डवर भागवलं." त्या कीची दुसरी छापील प्रत आता ताईंच्या घरच्या कपाटात आहे, आणि कागदाची नवी प्रत लॅमिनेशनला दिलीय.